टाइमपास पुस्तकं पस्तीत का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचनसंस्कृतीवर लेख आला होता (मोबाईलने वाचन संपवलं, नवीन पिढी काही वाचत नाही वगैरे, दरवर्षी येतो तसाच) आणि त्यात असं होतं की सवंग, गल्लाभरू कादंबऱ्या वाचणं हे काही वाचन नव्हे. ते काही केल्या डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली, वय ६४, बँकेत कॅशियर होते, आणि आयुष्यभर मी तेच वाचलंय जे तुमच्या लेखकाच्या मते वाचनच नाही.

त्याच आठवड्यात अजून एक झालं. आमच्या भागातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाने जागा होत नाही म्हणून दोन कपाटं रिकामी केली. मी मासिक बदलायला गेले तर दारात पस्तीवाल्याचा (म्हणजे रद्दीवाल्याचा) काटा टांगलेला आणि शेजारी सुतळीने बांधलेले गठ्ठे, सगळ्यात वर झुंजारच्या रहस्यकथा. मी म्हटलं हे काय रे, तर तिथला मुलगा म्हणाला काकू ही सगळी टाइमपास पुस्तकं आहेत, कमिटीने सांगितलंय चांगलं साहित्य ठेवा बाकीचं काढा. चांगलं साहित्य म्हणजे त्याच भिंतीला काचेच्या कपाटात बसलेले जाडजूड ग्रंथ, ज्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे कमिटीलाही माहीत नसावं. मी काही बोलले नाही, पस्तीवाल्याशीच भाव केला, १५ रुपये किलोने दोन गठ्ठे घेतले, १९ किलो भरले, रिक्षात घालून घरी आणले. २८५ रुपयात. आमचे हे म्हणाले आता हे ठेवणार कुठे, मी म्हटलं दिवाणाखाली, जिथे आधी होते तिथेच.

गच्चीवर उन्हात पसरले कारण कसर लागलेली असते, आणि मग तिथेच बसून चाळत राहिले, दुपारचा चहा विसरले. वाचनालयाची बांधणी माहितीये ना, दाभणाने आरपार भोकं पाडून दोऱ्याने शिवलेली, त्यामुळे डाव्या पानाच्या ओळींची शेवटची अक्षरं आणि उजव्या पानाची पहिली अक्षरं शिवणीत जातात आणि आपण अंदाजाने वाचायचं. "त्याने खिशातून पिस्तु" इथे ओळ संपते, पुढचं आपलं आपण. एका पुस्तकात पान ९ वर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय "मुनीमच खुनी आहे", त्याखाली दुसऱ्या अक्षरात "गाढवा, सांगितलंस कशाला", आणि त्याखाली तिसऱ्या कुणीतरी शाईने, सुंदर वळणदार अक्षरात, "मुनीम नाही, पुतण्या. धीर धरा." आणि मागे तारखांची चिठ्ठी, जांभळे शिक्के एकावर एक, जागा संपली म्हणून त्यावर दुसरी चिठ्ठी डकवलेली, मग तिसरी. मी मोजले, एका पुस्तकावर ११३ शिक्के. त्या काचेच्या कपाटातल्या एखाद्या ग्रंथावर किती आहेत ते कमिटीने एकदा कृपया मोजून सांगावं.

आमच्या घरात तर यातही उच्च-नीच होतं. बाबा बाबूराव अर्नाळकर वाचायचे, झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू सगळे, आणि ते उघडपणे आरामखुर्चीत बसून, कारण त्यांच्या मते तो मेंदूला व्यायाम होता. (ज्या माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्याच्या मेंदूला किती झाला असेल.) आई चौथी शिकलेली, ती चंद्रकांत काकोडकर वाचायची, पण तिचं पुस्तक तांदळाच्या डब्यात, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, कारण प्रेमकथा म्हणजे चावटपणा. काकोडकरांच्या एका कथेवर तर अश्लीलतेची केस झाली होती, १९६२ च्या एका दिवाळी अंकातली कथा, हायकोर्टाने दंड केला आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. कोर्टाने सोडलं पण आमच्या घरात ते पुस्तक डब्यातच राहिलं. मला आठवतंय, वाचनालयातून आलेल्या पुस्तकांच्या पानांतून तांदळाचा भुसा पडायचा आणि परत करताना आई ते झटकून झटकून द्यायची.

लोक हे का वाचतात याचं उत्तर मला माझ्या काउंटरवर मिळालं. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजायच्या आणि संध्याकाळी ४० रुपयांचा फरक आला की सात वाजेपर्यंत बसून शोधायचा, आणि सापडला नाही तर खिशातून भरायचा, कुणी घेतले, कुठे गेले, कधीच कळत नाही. घरी येऊन कुकर लावायचा आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत एक प्रकरण. तिथे मात्र शेवटच्या पानावर सगळं टॅली होतं. कोण, का, कसं, हार कुठे लपवला, सगळं. प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडलेलं की चौथी शिट्टी झाली तरी उठवत नाही (डाळ कितीदा लागलीये विचारू नका). हे लिहिणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्याने एकदा करून बघावं.

आणि मराठीत हे काही आजचं खूळ नाही. पहिली मराठी कादंबरी यमुनापर्यटन, ते आलं १८५७ ला, विधवांच्या दुःखाचं, गंभीर. चारच वर्षांनी १८६१ ला मुक्तामाला आली आणि मग त्या वळणाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांगच लागली. म्हणजे आपल्या कादंबरीला पाच वर्षं पण झाली नव्हती तेव्हापासून हे दोन्ही शेजारी शेजारी नांदतायत.

बडोद्यात राहून हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, स्वतःची राजवाड्यातली २०,००० पुस्तकं दिली, खेड्यापाड्यात लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं पाठवली, आणि हे सगळं फुकट. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मी लहानपणी बाबांचा हात धरून जायचे, तिथल्या काचेच्या फरशीवर पाय ठेवायला भीती वाटायची. अक्षरओळख झालेल्या माणसाने पुढेही वाचत राहावं म्हणून तो खटाटोप होता. माझी आई चौथीनंतर शाळेत गेली नाही पण मरेपर्यंत भराभर वाचू शकायची, आणि ते पाठ्यपुस्तकाच्या जोरावर नव्हे, डब्यातल्या पुस्तकांच्या जोरावर.

सगळी चांगली आहेत असं मी म्हणत नाही हं. आणलेल्यातली निम्मी आता वाचवत नाहीत. बाई आली की आधी तिची कंबर येते मग तिचं नाव, व्हिलन हमखास काळा आणि घाऱ्या डोळ्यांचा, आणि शहाणीसुरती मुलगी ऐन वेळेला बेशुद्ध पडते. एक तर मी रागाने भिरकावली, मग रात्री उठून शेवट बघितला.

आमची सून आयटीत आहे, तिच्या फोनवर प्रतिलिपि नावाचं ॲप आहे, त्यावर कुठल्यातरी करोडपती बॉसची प्रेमकथा भागाभागाने येते. परवा १६२ वा भाग चालू होता. मी खोलीत गेले की फोन पालथा घालते. मी काही म्हणत नाही, पण तो पालथा फोन बघितला की मला तांदळाचा डबाच आठवतो. मागच्या आठवड्यात न राहवून विचारलं, काय गं, त्याच्या आईने हो म्हटलं का शेवटी, तर आधी लाजली आणि मग शेव-उसळ गार होईपर्यंत अख्खी गोष्ट सांगितली.

तर कमिटीला तुमच्यामार्फत एवढंच, अजून एक कपाट काढायचं असेल तर पस्तीवाल्याच्या आधी मला कळवा, मी १६ रुपये किलोने घेईन.

आणि वाचकांना एक विनंती. आणलेल्या गठ्ठ्यात एका दोन भागांच्या कादंबरीचा पहिलाच भाग आहे. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची चार पानं नाहीत, त्यामुळे नाव नाही की लेखक नाही. नायिका मालती, मामाच्या वाड्यात राहते, मामी खाष्ट, माळ्यावर एक कुलूप लावलेली पेटी. शेवटच्या पानावर ती रात्री कंदील घेऊन वर जाते, कुलूप तोडते, झाकण उचलते आणि आत तिला दिसतं ते नेमकं शिवणीत गेलंय. दोरा उसवून बघितला, खाली कागदच नाही, कसरीने खाल्लाय. कुणाकडे दुसरा भाग असेल तर कृपया पाठवा, पोस्टेज मी देईन.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा