बाबांची अंगठी आणि तुमची सुती पट्टी

आदरणीय मॅडम,

तुमच्या संग्रहालयात तुम्ही बाबांना मूर्ती हातांनी बघू दिलीत, त्याला तीन आठवडे झाले, पण बाबा अजून त्या पुतळ्याच्या पाठीबद्दलच बोलतायत. म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाही. वरिष्ठांकडून उगाच विचारणा नको.

काचबिंदूने दृष्टी जाण्याआधी बाबांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. शिल्पाला पूर्ण फेरी मारल्याशिवाय त्यावर तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा दंडक. याआधी ज्या संग्रहालयात गेलो, तिथे फेरीची सोयच नव्हती. शिक्षा झालेल्या पोरांसारख्या मूर्ती भिंतीला पाठ लावून उभ्या. दिवे थेट डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे. बाबांचा हात चबुतऱ्याला लागला मात्र, पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. नियम मला कळतो हो. संगमरवर सच्छिद्र असतो, हाताचा घाम नि तेल त्यात मुरतं. व्हॅटिकनमधल्या ब्राँझच्या संत पीटरचं पाऊल भाविकांच्या हातांनीच झिजलंय. पण दृष्टी गेलेल्या माणसावर शिट्टी?

तुम्ही नियम मोडला नाहीत, त्यातून वाट काढलीत. संगमरवर नको म्हणालात आणि काळ्या, कठीण दगडाच्या मूर्तीपाशी नेलंत. हात धुऊन कोरडे करायला सांगितलंत. स्वतःचं घड्याळ आधी काढून ठेवलंत. बाबांची अंगठी मात्र सुजलेल्या बोटातून निघेना. मला वाटलं, संपलं. तुम्ही खिशातून सुती पट्टी काढलीत, खाली बसलात आणि अंगठीवर ती हळूहळू गुंडाळलीत. दगडाला ओरखडा नको, आणि बोटालाही त्रास नको. दगडाची नि माणसाची काळजी एकाच पट्टीत मावते, हे मी तेव्हा पाहिलं.

तरी बाबांचा हात थरथरत होता. "माझ्यामुळे पडली तर?" तेव्हा तुम्ही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या आदमची गोष्ट काढलीत. इटालियन शिल्पकार तुलिओ लोंबार्दोचा तो संगमरवरी पुतळा 2002 साली कोसळला, तोही आसपास कुणी नसताना. लाकडी चबुतऱ्यानेच दगा दिला. तुकडे जोडून तो परत उभा राहायला 2014 उजाडलं. "हात लावणाऱ्यापेक्षा मला चबुतऱ्याची धास्ती जास्त," असं म्हणालात, तेव्हा बाबा मोकळेपणी हसले. असं हसणं घरात बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

चांगुलपणाला फार अधिकार लागत नाहीत. शिट्टीवाल्याच्या खिशातही कदाचित पट्टी असेल, कोण जाणे.

आता एक काम. पाठीकडची बाजू कारागिराने घासून गुळगुळीत केलेली नाही, छिन्नीचे घाव तसेच आहेत, हे बाबांना बोटांनी कळलं. घावांच्या तिरकेपणावरून तो डावखुरा असणार, असं ते पैजेवर सांगतायत. तुमची ती विजेरी एकदा बाजूने तिरपी धरून बघाल का? ते फोनपाशीच बसून आहेत.

तुमची आभारी,
एका चित्रकला शिक्षकाची मुलगी