कोलरिजच्या वीसेक ओळी आणि आमच्या मावशी

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

एम. ए.चा पेपर एकदाचा पार पडला. आभार घरी येऊनही मानता आले असते, पण तुम्ही ‘पुरे गं, चहा घे’ म्हणून विषय बदलला असतात. म्हणून हे उघड पत्र. नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देणाऱ्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

गाईडमध्ये इंग्रज कवी कोलरिजच्या ‘ख्रिस्ताबेल’ या कथाकाव्यातला एक उतारा सुटा छापला होता. सर लिओलाइन आणि लॉर्ड रोलंड, तरुणपणीचे जिवलग. कान भरणाऱ्यांनी विष कालवलं, दोघं एकमेकांना नको नको ते बोलले आणि कायमचे दुरावले. खाली तयार उत्तर : कवी वर्ड्‌सवर्थशी मैत्री तुटल्याचं कोलरिजचं दुःख इथे उतरलं आहे. पाठ करायला सोपं. तुम्ही फक्त सालं लिहून काढायला लावलीत. हा भाग १८०० सालचा. वर्ड्‌सवर्थशी बिनसलं १८१० मध्ये, दोघांच्या ओळखीच्या बेसिल माँटेग्यूने इकडचं तिकडे केल्यावर. गाईडचं उत्तर तिथेच बाद. (१८१६ मध्ये कविता छापून आली तेव्हा स्वतःच्याच ओळी वाचताना त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.)

मग तुमचा प्रश्न आला, “भांडण कशावरून झालं, ते कवितेत बोट ठेवून दाखव.” मी बोट घेऊन वरपासून खालपर्यंत गेले. कुजबुज कुणाची, आधी कोण बोललं, चूक कुणाची, कशाचाच पत्ता नाही. वर निवेदकच म्हणतो की या दोघांचं असंच झालं असावं, हा आपला माझा तर्क! कारण गाळलं म्हणूनच या ओळी कुणाच्याही भांडणाला लागू पडतात, हे तुम्ही दाखवलंत. कवी बायरनने बायकोपासून वेगळं होताना लिहिलेल्या कवितेच्या माथ्यावर याच ओळी घातल्या, त्याचंही मग नवल वाटलं नाही. दुभंगलेल्या कड्यांमधून समुद्र वाहतो आहे आणि ऊन, थंडी, वीज यांना जुनी खूण पुरती पुसता येत नाही, हे म्हणताना कवी ती खूण जखमेची की आधीच्या एकसंधपणाची, हे सांगत नाही. आपण त्यावर बराच वेळ वाद घातला. मला अजूनही दोन्ही वाटतं.

छंदाला मी घाबरत होते. तुम्ही चमच्याच्या दांड्याने टेबलावर ठेका धरलात : ओळीत अक्षरावयव (सिलेबल) सात असोत की बारा, ठोके चारच. कोलरिजने प्रस्तावनेत हेच सांगितलंय म्हणे. पण मला ते चमच्यामुळे कळलं.

सगळ्यात मोठा उपकार म्हणजे उतारा संपला तिथे तुम्ही पुस्तक मिटू दिलं नाहीत. पुढे काय होतं? लिओलाइनची मुलगी ख्रिस्ताबेल, तिने रानातून घरी आणलेली जेराल्डिन स्वतःला रोलंडची मुलगी म्हणवते. ते नाव ऐकून म्हातारा लिओलाइन हलतो. मित्राला बोललेल्या शब्दांचा पश्चात्ताप होतो, भाट ब्रेसीला निरोप घेऊन निघायला सांगतो. आणि पोटची पोर पाया पडून ‘हिला घालवून द्या’ म्हणते, तेव्हा तिच्यावर संतापून, तिच्याकडे पाठ फिरवून जेराल्डिनला हाताला धरून बाहेर नेतो. तुटलेली मैत्री सांधायच्या घाईत मुलगी तुटते. हे गाईडमध्ये एका शब्दाने नाही. कविता अपुरी राहिल्यामुळे रोलंडची भेट झाली की नाही, तेही कळत नाही. मी उत्तराचा निम्मा भाग यावरच लिहिला. मार्क जे पडायचे ते पडोत.

एका बाबतीत मात्र आपलं जुळत नाही. तुम्हाला लिओलाइनची कीव येते, मला संताप येतो. रविवारी दुपारी येते, तेव्हा बोलू. या वेळी चहा मी करेन.

तुमची,
खालच्या मजल्यावरची विद्यार्थिनी