काकू, तुमच्या हॉलमधल्या ‘फ्लॉप शो’साठी

ती. काकूंना सा. न. वि. वि.

परवा सुट्टीच्या दिवशी जसपाल भट्टींच्या ‘फ्लॉप शो’ या विनोदी मालिकेचे सगळे भाग ओळीनं पाहून काढले. सगळे म्हणजे दहा. दहाच होते काकू! आपल्या कॉलनीतल्या कुणालाही विचारा, वर्ष-दीड वर्ष तरी चालली असेल ती मालिका, असंच सांगतील. १९८९ साली दूरदर्शनवर दहा भाग झाले आणि संपलं. पण त्या दहांवर आपण नागपुरात रविनगरच्या क्वार्टर्समध्ये इतकं बोललो, इतकं हसलो आणि इतकं भांडलो, की त्याची दोन-तीन वर्षं झाली.

पाहता पाहता लक्षात आलं, की तुमचे आभार मानायचे राहूनच गेले आहेत. तुम्ही आता पुण्याला लेकीकडे असता आणि फोनवर ‘कशी आहेस, बरी आहे, ठेवू का’ यापलीकडे तुम्ही बोलत नाही. शिवाय त्या हॉलमध्ये बसणारे आम्ही पोट्टे आता कुठे कुठे पांगलोय, सगळ्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. म्हणून हे पत्र उघडंच लिहिते. ज्याला सापडेल त्यानं वाचावं आणि आपलंही नाव त्याखाली घालावं.

कलर टीव्ही तेव्हा ब्लॉकमध्ये तुमच्याचकडे होता. बांधकामावरच्या जेई (कनिष्ठ अभियंता) साहेबांकडे कलर टीव्ही कसा आला, याची कुजबुज खाली नळावर चालायची. ती तुमच्या कानावर आली, तेव्हा तुम्ही चिडला नाहीत. पहिल्याच दिवशी हॉल भरल्यावर सगळ्यांदेखत म्हणालात, “एरिअर्समधून घेतला. पावती कपाटात आहे, कोणाले पाहायची?” कोण पाहणार? सगळे सतरंजीवर सरकून बसले. दारात घुटमळणाऱ्याला तुम्ही आत ओढायच्या, “काऊन रे, उभा काऊन? बस नं.” मग मोठ्या परातीत कच्चा चिवडा यायचा: मुरमुरे, कच्चं तेल, तिखट, कांदा, वरून सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. आणि भट्टी प्रत्येक भाग सुरुवातीला कुणाला तरी अर्पण करायचे ना (ज्यांना अर्पण केला, त्यांचीच पुढं बिनपाण्यानं व्हायची), तसं तुम्ही परात ठेवताना म्हणायच्या, “आजचा चिवडा, ‘आम्ही घरून जेवूनच आलो’ म्हणणाऱ्या सगळ्यांना अर्पण.” परात तळापर्यंत पुसली जायची.

आता मोठं झाल्यावर त्या मालिकेबद्दल जे वाचलं, त्यातलं बरंचसं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं असं वाटतं. भट्टी मूळचे अमृतसरचे. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालेले. कॉलेजात त्यांनी ‘नॉन्सेन्स क्लब’ काढला आणि रस्त्यावर नाटकं केली. पुढे ‘ट्रिब्यून’मध्ये व्यंगचित्रं काढली. दूरदर्शनच्या सकाळच्या प्रसारणात ‘उल्टा पुल्टा’ नावाचे त्यांचे चिमुकले तुकडे लागायचे, त्यातून लोक त्यांना ओळखू लागले, आणि मग ‘फ्लॉप शो’. लेखन, दिग्दर्शन, मुख्य काम सगळं त्यांचंच. सोबत विवेक शौक. आणि त्यांची पत्नी सविता भट्टी. आम्ही सगळे भट्टींच्या त्या निर्विकार चेहऱ्यावर फिदा होतो. तुम्ही मात्र श्रेयनामावली बारकाईनं वाचायच्या. एकदा म्हणालात, “अरे, निर्माती तीच, अन् दर वेळेला बायको होऊन बोलणी खाणारीही तीच. तिचं नाव कोणी घेऊन राहिलं का?” त्या दिवसापासून आम्ही तिचं नाव घ्यायला लागलो.

आणि एक गोष्ट तुम्ही फारसं न बोलता केली. पंजाबचे ते दिवस वाईट होते. रोज रात्रीच्या बातम्यांत तिकडची माणसं मेल्याचे आकडे यायचे. इकडे आम्ही शाळेत सरदारजींचे विनोद सांगायचो. तुमच्या हॉलमध्ये कुणीतरी असा एक सुरू केला, तेव्हा तुम्ही टीव्हीकडे बोट दाखवून इतकंच म्हणालात, “तो सरदार साऱ्या देशाले हसवून राहिला, स्वतःच्या पगडीवर एक विनोद न करता. तुले जमते का तसं?” त्यानंतर तुमच्याकडे तरी तसला विनोद पुन्हा कुणी काढला नाही.

पण मी आभार मानतेय ते मुख्यतः जेई आणि ठेकेदारांवरच्या भागासाठी.

कनिष्ठ अभियंता आणि ठेकेदार यांचं साटंलोटं पडद्यावर सुरू झालं आणि हॉलमधला चिवड्याचा आवाज थांबला. काका दिवाणावर बसलेले. आम्ही सगळे पडद्याकडे बघतोय असं दाखवत काकांकडे बघतोय. आमचे बाबा तर छताकडे बघत होते. आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून पदराला हात पुसत विचारलंत, “अहो, हे तुमच्याच ऑफिसात शूट केलं का?”

एक क्षण काय होईल सांगता येत नव्हतं. मग काकाच खो-खो हसत सुटले. डोळे पुसत म्हणाले, “याले आमच्या खात्याचं निम्मंच माहीत आहे.” भाग संपल्यावर उरलेलं निम्मं त्यांनी आम्हाला सांगितलं. विटांच्या बांधकामाला एकास सहा सिमेंट-रेती लिहिलेली असते आणि प्रत्यक्षात सहाची दहा कशी होते. प्लास्टर झाल्यावर त्यावर रोज पाणी मारायचं असतं, ते कागदावर कसं मारलं जातं. मापं मेजरमेंट बुकात आधी चढतात आणि भिंत नंतर. डिसेंबरात अधिवेशन आलं, की मंत्र्यांच्या गाड्या जिथून जातात तेवढ्याच रस्त्यावर डांबर कसं पडतं. (हे मात्र नागपूरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. विधानभवनाकडे जाणारा रस्ता काळाकुळकुळीत झाला, की स्वेटर काढायचे दिवस आले असं आम्ही समजायचो.) शेवटी त्यांनी भिंत पारखायची युक्ती सांगितली: खिळा घ्यायचा आणि प्लास्टरवर जोर लावून ओढायचा. नुसता ओरखडा उठला तर ठीक, भुसा गळला तर समजून जायचं.

दुसऱ्या दिवशी कॉलनीतले सगळे पोट्टे हातात खिळे घेऊन फिरत होते. कुठल्या भिंतीतून किती भुसा गळला आणि ती कुणी बांधली होती, ते मी इथं लिहीत नाही.

काका स्वच्छ होते की नव्हते, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक नव्हतं. मला तरी वाटतं होते, नाहीतर एवढं मोकळं हसता आलं नसतं. पण तुम्ही तो प्रश्न विचारला नसता, तर तो भाग आम्ही सगळ्यांनी मान खाली घालून पाहिला असता आणि पुढच्या आठवड्यात निम्मे लोक आले नसते. तुमच्या घरावर तुम्हीच आधी हसलात. मग सगळ्यांची पाळी आली. मेडिकल बिलांवरच्या भागात बाबांचा घसा एकाएकी खवखवायला लागला. पीएचडीच्या भागात तुमचे धाकटे भाऊ, आम्हा सगळ्यांचे मामा, उशी तोंडावर घेऊन बसले. मामा तेव्हा गाइडच्या घरचं गॅस सिलिंडर सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणायचे, हे आख्ख्या अमरावती रोडनं पाहिलं होतं. पडद्यावर विवेक शौक प्रोफेसर साहेबांच्या घरी राबताना पाहून मामा उशीतूनच ओरडले, “अरे, याले सिलिंडर तरी आणायला लावा!”

तुमचं माहेर जुन्या नागपुरातल्या इतवारीचं, त्यामुळे हे तुमच्या रक्तातच असणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तुम्हीच आम्हाला मारबत, म्हणजे ईडापीडेच्या पुतळ्यांची मिरवणूक, दाखवायला न्यायच्या. लहान पोरं घरोघर लाकडी नंदी मिरवत असायची आणि आपण इतवारीच्या गर्दीत. १८८१ पासूनची काळी मारबत, १८८५ पासूनची पिवळी, आणि त्यांच्या मागून बडगे. ज्याच्यावर लोकांचा राग, त्याचा पुतळा म्हणजे बडग्या. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, पुढाऱ्यांचा. गळ्यात पाट्या, त्यावर असं काही लिहिलेलं की वाचताना मोठ्या माणसांचीही पंचाईत. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत सगळं गाव त्यांना वाजतगाजत नेतं आणि जाळून टाकतं. भट्टी आपल्याला परके वाटले नाहीत, त्याचं निम्मं कारण माझ्या मते हेच आहे. हिंदी आपल्याला जवळची होतीच, आणि साहेबाला गावभर फिरवून हसण्याची सवय त्याहून जुनी. फक्त बडग्या वर्षातून एकदा निघतो, ‘फ्लॉप शो’ त्या काही आठवड्यांत दर आठवड्याला निघाला.

पुढच्या गणपतीत आम्ही आपला ‘फ्लॉप शो’ करायचं ठरवलं, तेव्हाची गोष्ट तर लिहायलाच हवी. मंडळाच्या मोठ्यांना कळलं की वर्गणीच्या हिशेबावर एक प्रवेश आहे, आणि लगेच स्टेज, माइक, वेळ सगळ्याचीच अडचण निघाली. आम्ही रडकुंडीला आलो. तुम्ही म्हणालात, “पहिला प्रवेश माझ्या घरचा ठेवा. जेईच्या बायकोचं काम मी करते. मग पाहू कोण अडवते.”

मी जेई झाले होते. काजळाची मिशी, काकांची पँट कमरेला सुतळीनं बांधलेली. मला भट्टींसारखी पगडी हवी होती. तुम्ही साफ नाही म्हणालात. “पगडी त्याचा मान आहे, वेशभूषा नाही. तू काकांचं हेल्मेट घाल.” साइटवरचं ते पिवळं हेल्मेट माझ्या नाकापर्यंत यायचं. आणि प्रवेशातलं सगळ्यात मोठं हसू ज्या वाक्याला आलं, ते तुमचं होतं, आमच्या वहीत नव्हतंच. ठेकेदार झालेला पोरगा दिवाळीचा खोका पुढं करतो. तुम्ही साडी उलगडून खालवर पाहिलीत, काठ तपासलात आणि म्हणालात, “नुसती साडी? अन् फॉल-पिको कोण करून देईन?”

पेंडॉल उठून बसला. त्यानंतर वर्गणीचा प्रवेश अडवायची कुणाची टाप होती? खजिनदार पहिल्या रांगेत बसून कडूगोड हसत होते. शेवटी भट्टींसारखंच सिनेमाच्या गाण्याचं विडंबन म्हटलं. चाल कुठलीही घ्या पण आरतीची नको, ही तुमची अट होती. त्यात लाइन गेली, तर लोकांनी टॉर्च धरून ते पूर्ण करून घेतलं. जवळच्या कोराडीत एवढी वीज तयार होत असताना गाण्याच्या शेवटच्या कडव्याला लाइन जावी, हाही विनोदच.

तुम्हाला त्याचे चटके बसले, ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. ‘साहेबाची बायको स्टेजवर नाचली’ असं काकांच्या ऑफिसात कुणीतरी बोललं म्हणे. तुमच्या सासूबाई तुमच्याशी बरेच दिवस बोलत नव्हत्या. तुम्ही आम्हाला त्यातलं काही जाणवू दिलं नाहीत. चिवडा तसाच येत राहिला.

परवा पुन्हा पाहताना काही गोष्टी खटकल्याही, खोटं कशाला बोलू. गती संथ आहे, काही कलाकार अगदीच नवखे वाटतात, आणि बायकोवरचे सगळे विनोद आता तितके पचत नाहीत. तुम्ही सविता भट्टींबद्दल जे बोलला होतात, ते त्या वेळी आठवत राहिलं. पण लोकांचं मोजमाप भट्टींनी एवढं अचूक घेतलंय की अंगावर येतं. मी आता स्वतः एका सरकारी कार्यालयात लेखा विभागात आहे, काकू. मेडिकल बिलं माझ्याच टेबलावर येतात. एखादं बिल पाहून मला मध्येच हसू फुटतं आणि समोरचा माणूस आधी बावरतो, मग त्यालाही हसू येतं. एक-दोघांनी तर बिल मुकाट्यानं परत नेलंय.

भट्टी गेले २५ ऑक्टोबर २०१२ ला, रस्त्यावरच्या अपघातात. ‘पॉवर कट’ नावाचा सिनेमा केला होता, विजेच्या लपंडावावरच, आणि त्याच्याच प्रचारासाठी फिरत होते. पुढच्या वर्षी सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मभूषण दिलं. ज्या सरकारी खात्यांची त्यांनी जन्मभर सालं काढली, त्यांच्याच फायलींतून ते नाव वर सरकत गेलं असणार. कुठल्या टेबलावर कितीदा अडकलं असेल, यावर त्यांनी एक अख्खा भाग केला असता.

तर काकू, आभार. टीव्हीसाठी, परातीसाठी, ‘अहो, हे तुमच्याच ऑफिसात शूट केलं का’ या प्रश्नासाठी, हेल्मेटसाठी, आणि त्या फॉल-पिकोसाठी. या वर्षी तान्ह्या पोळ्याला नागपूरला येणार असाल तर आधी कळवा. इतवारीत उभं राहायला आता गुडघे साथ देत नसतील, तर ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर खुर्चीची सोय मी करते. पाट्या मी मोठ्यानं वाचून दाखवीन. आणि लेकीला सांगा, तुमच्या फोनवर ते दहा भाग लावून द्यायला. सविता भट्टींचं नाव येतं तिथं जरा थांबवून बघा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची मिशीवाली