सोबत कोणी नाही, साहेब. सही माझीच घ्या!

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत हे पत्र मोबाईलवर लिहिते आहे. उजवा हात अजून गळ्यात अडकवलेला आहे.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत एकटी राहते. वय ६८, लग्न केलं नाही, ३१ वर्षं शाळेत शिकवलं. मागच्या महिन्यात खळ्यातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. शेजारच्या मुलाने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, प्लेट टाकावी लागेल. मग काउंटरवर प्रश्न आला, "सोबत कोण आहे?" शेजारी चालणार नाही, नात्यातलंच माणूस हवं. मी म्हटलं, मी शुद्धीवर आहे, हात माझा, पैसे माझे, सही मी करते. "उजवा हात तर मोडलाय, आजी." मग डाव्या हाताचा अंगठा घ्या, म्हटलं. ज्या बाईने गावातल्या दोन पिढ्यांना सही करायला शिकवलं, ती अंगठा पुढे करून उभी होती. तोही घेतला नाही.

चुलत पुतण्या नालासोपाऱ्याहून येईपर्यंत दीड दिवस गेला. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. त्याने कागद न वाचता सही केली आणि परतीची गाडी पकडली. तो दीड दिवस मी फळीला बांधलेला हात छातीशी धरून बसून काढला. आडवं झालं की कळ डोक्यात जायची.

साहेब, हा कुठला नियम? सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका प्रकरणात, बाई भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन केलेली जादा शस्त्रक्रिया अमान्य ठरवली. सज्ञान माणसाची संमती त्याची स्वतःची. मग आमच्या बाबतीत उलटं का?

माझं एकटीचं रडगाणं नाही हे. आमच्या वाडीत २३ उंबरे. १२ घरांना कुलूप, ती गणपतीत उघडतात. उरलेल्या ११ पैकी ६ घरांत एकेकच माणूस, त्यातल्या चौघांना मूलबाळ नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा ८० हजारांहून जास्त घटलेली होती आणि हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पुरुष मुंबईला गेले, बायका मागे राहिल्या, त्यांचं पुढे काय होणार हे तुमच्या सरकारी आकड्यांतच लिहिलेलं होतं. कोणी वाचलं?

२००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सांगतो की मूल नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला, त्याची मालमत्ता ज्याला मिळणार त्या वारसाकडून पोटगी मागता येते. मला पुतण्याला कोर्टात खेचायचं नाही. पेन्शन आहे, भात आहे, चार कलमं आहेत. त्याच कायद्याच्या नियमांत लिहिलंय की पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची, महिन्याला एकदा भेट द्यायची. मी ११ वर्षं एकटी आहे. माझ्या पडवीत आजवर कोणी आलेलं नाही.

सगळीकडे हेच. लाडक्या बहिणीची ई-केवायसी आली, तेव्हा नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला. आमच्या शेजारणीला नवऱ्याने २० वर्षांपूर्वी टाकलं, वडील वारले. ओटीपी जाणार कोणाच्या फोनवर? तासभर ती फोन हातात धरून माझ्या पायरीवर बसून होती. तुमचा प्रत्येक अर्ज आधी विचारतो, तू कोणाची? बाई स्वतःची असू शकते, हे या राज्याच्या एकाही रकान्याला ठाऊक नाही. मूल नाही म्हणून देवळात, लग्नात बाजूला सारलं गेलेलं आम्ही सोसलं. सरकारने तेच छापील अर्जावर करावं?

प्रत्येक दवाखान्याला लेखी आदेश काढा. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याची सही किंवा अंगठा पुरे. शुद्धीवर नसेल तर त्याने आधी लिहून दिलेलं माणूस चालेल, मग ती शेजारीण का असेना.

खालच्या घरातल्या काकूंचं येत्या गुरुवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्यांनाही कोणी नाही. सोबत मी जाते आहे. माझी सही चालेल की नाही, एवढं बुधवारपर्यंत कळवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका