कंसातल्या टाळ्या : अण्णांना जाहीर पत्र

आदरणीय अण्णा,

शि. सा. नमस्कार.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या भाषणांवरचा माझा प्रबंध विद्यापीठात सादर झाला. मार्गदर्शकांचे आणि ग्रंथपालांचे आभार त्यात रीतसर मानले आहेत. तुमचं ऋण तिथल्या एका ओळीत मावेना, म्हणून हे पत्र.

शिवाजी पार्क, कामगार मैदान इथल्या सभा आज आपल्याला भेटतात त्या बहुतेक जुन्या वृत्तपत्रांतून. आम्ही अभ्यासक त्या पानांवर उपरोध, आवाहन, शब्दांची निवड शोधत बसतो. तुम्ही गिरगावातल्या छापखान्यात उमेदवारी करताना तसलीच पानं शिशाच्या अक्षरांचा खिळा खिळा लावून जुळवली होती. कात्रणांच्या झेरॉक्स पुढे ठेवल्या, तर तुम्ही वाचायच्या आधी रकान्याची लांबी पाहिलीत! मग एकेक उलगडत गेलात. सभा रात्री उशिरा संपायची, बातमीदार धावत यायचा, भाषण अर्धं त्याच्या वहीत आणि अर्धं डोक्यात. जागा संपली की शेवटचा भाग कापला जायचा. कंसातल्या ‘टाळ्या’ आणि ‘हशा’ कुठे टाकायचा, हे कधी बातमीदार ठरवायचा, कधी रात्रपाळीचा उपसंपादक. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वाचन कमी करायला सांगितलेलं असताना तुम्ही भिंग घेऊन हे सारं दाखवत होतात.

माझ्या प्रबंधाचा कणा तिथे उभा राहिला. वक्ता, विषय आणि श्रोता या तिघांत भाषणाचा हेतू श्रोत्यावरून ठरतो, असं ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलं आहे. वक्तृत्वाचे अमेरिकन अभ्यासक लॉइड बिट्झर यांनी १९६८ साली मांडलं की परिस्थितीच भाषणाला जन्म देते; तिथलेच दुसरे अभ्यासक रिचर्ड वॅट्झ यांनी १९७३ साली उत्तर दिलं की परिस्थितीला अर्थ देतो तो वक्ता. हा वाद मला फार मोलाचा वाटतो. पण २१ नोव्हेंबर १९५५ च्या फ्लोरा फाउंटनवरच्या गोळीबारानंतर पेपर आला की चाळीत एकजण मोठ्याने वाचायचा आणि सगळा मजला ऐकायचा, हे तुम्ही सांगितलंत. मैदानात पाऊलही न टाकलेल्या बायकांपर्यंत, म्हाताऱ्यांपर्यंत भाषण असं पोचत होतं, आणि तेही छापखान्यातून कापून, जुळवून आलेलं. या श्रोत्यांना सोडून त्या काळच्या वक्तृत्वाबद्दल बोलताच येणार नाही, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे गाजलेल्या वक्त्यांच्या आठवणी उदंड निघाल्या. ऐकणाऱ्यांना विचारायला फार थोडे गेले.

दुसरं प्रकरण संपूर्णपणे तुमच्या सांगण्यावर उभं आहे. तुमच्या इच्छेप्रमाणे नाव घातलेलं नाही. रविवारी प्रत घेऊन येते, मोठ्या टाइपात काढली आहे. छापखान्यातल्या कामाचं वर्णन आधी वाचा आणि जिथे पटणार नाही तिथे समासात खूण करा. पुस्तक निघण्याआधी त्या सगळ्या दुरुस्त्या घ्यायच्या आहेत.

काकूंना नमस्कार.

तुमची,
वक्तृत्वाची एक विद्यार्थिनी
परळ, मुंबई