अर्थ लावण्याआधी विचारणाऱ्या ताईंस

आदरणीय ताईंस,
सादर नमस्कार.

आपल्या निवृत्तीच्या दिवशी विभागातले सगळे आपल्याविषयी बोलले, मी मात्र बोलले नाही. चारचौघांत बोलायला उभी राहिले की माझा आवाज सपाट होतो, नजर छताकडे जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हिला काहीच वाटत नाही. कागदावर माझ्याविषयी असा गैरसमज होत नाही, म्हणून हे पत्र. ते उघड लिहिते आहे, कारण माझ्यासारखे कोणी ज्यांच्या घरात, शेजारी किंवा कार्यालयात आहे त्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मी मुद्रितशोधनाच्या कामावर रुजू झाले तेव्हा पस्तीस वर्षांची होते, आणि मी स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे हे मलाही ठाऊक नव्हते. ठाऊक होती ती लोकांनी दिलेली विशेषणे: शिष्ट, तिरसट, माणूसघाणी. लहानपणी पाहुणे निघताना ‘येतो हं’ म्हणत आणि मी ते परत येतील म्हणून दाराशी बसून राही. मोठेपणी एका शेजारणीने ‘या की एकदा घरी’ म्हटले, तर मी पुढच्याच रविवारी सकाळी तिच्या दारात उभी राहिले. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी चुकले एवढे कळले, पण काय चुकले ते कोणीच सांगितले नाही. हळदीकुंकवाला गजऱ्यांचा दाट वास, एकाच वेळी पंधरा जणींचे बोलणे आणि न सांगता कोणीतरी धरलेला हात हे सारे मिळून मला सहन होत नाही, म्हणून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. त्याचा अर्थ ‘हिला आमच्यात बसायला कमीपणा वाटतो’ असा लावला गेला.

आपल्याला तो आठवडा आठवत असेल, जेव्हा आपल्या विभागातल्या एका सहकाऱ्याचे वडील वारले. सर्वांबरोबर मीही भेटायला गेले. आदल्या रात्री मी सांत्वनाची चार वाक्ये जुळवली होती, पण तिथे पोहोचल्यावर चारही खोटी वाटली आणि मी काही न बोलता परत आले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ‘दगड आहे नुसती’ हे शब्द माझ्या कानांवर पडले. मात्र त्याच्या टेबलावरची प्रुफे रोज संध्याकाळपर्यंत वाचून पूर्ण होत होती, हे फक्त आपल्या लक्षात आले. आपण मला बाजूला बोलावून विचारलेत, “तुला काल नेमके काय म्हणायचे होते?” मी सांगितले. सगळे ऐकून घेऊन आपण पुन्हा विचारलेत, “प्रुफांचे मी त्याला सांगितले तर चालेल का?” माझ्या वागण्याचा अर्थ मलाच विचारणारे आपण पहिले माणूस होता.

पुढे आपण जे केलेत त्याला फारसा खर्च आला नाही. लुकलुकणाऱ्या ट्यूबखालची माझी खुर्ची आपण खिडकीशी हलवलीत, कामाच्या सूचना तोंडी न देता लिहून देऊ लागलात, बैठक किती वाजता संपेल ते आधी सांगू लागलात. आणि एके दिवशी, आपल्या भाच्याच्या निदानाविषयी बोलून, मीही तज्ज्ञांना भेटावे असे सुचवलेत आणि सोबत आलात. तिथे मला समजले की इतरांचे हावभाव पाहून, पाठ करून, त्यांच्यासारखे वागत राहण्याची सवय अनेक स्वमग्न मुलींना लहानपणीच लागते, आणि त्यामुळे निदान उशिरा होते. रोज घरी गेल्यावर दोन-दोन तास माझ्या तोंडून शब्द का फुटत नसे, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले.

त्यानंतर मी पुष्कळ वाचले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात स्वमग्न आणि इतर व्यक्तींच्या बोलण्याच्या लहान ध्वनिचित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या, तेव्हा स्वमग्न व्यक्तींविषयी काही सेकंदांतच प्रतिकूल मत तयार झाले. तेच बोलणे केवळ लिखित स्वरूपात वाचायला दिल्यावर तो फरक उरला नाही. जिचा दिवस मजकूर वाचण्यात जातो अशा मला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी तर २०१२ मध्येच मांडले होते की हा न समजण्याचा प्रश्न दुहेरी आहे: आम्हाला जसे इतरांचे मन उमगत नाही तसेच इतरांनाही आमचे उमगत नाही, मात्र उणीव म्हणून नोंद फक्त आमच्या नावावर होते.

आपल्या भाषेतला ‘स्वमग्न’ हा शब्दही मला पुरता पटत नाही. तो ऐकणाऱ्याला वाटते की हे लोक स्वतःतच बुडालेले असतात, त्यांना बाहेरचे काही पोहोचत नाही. माझ्यापर्यंत तर बाहेरचे सगळे एकदम आणि मोठ्याने पोहोचते. माझ्याहून कितीतरी अधिक गैरसमज सोसतात ते बोलू न शकणारे, ज्यांना दिवसभर सोबत लागते असे स्वमग्न लोक. त्यांना बोलता येत नाही म्हणजे कळतही नाही असे धरून त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी वाटेल ते बोलले जाते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे आणि तो आवश्यकच होता, पण प्रमाणपत्र हाती आले तरी जिन्यात उभ्या असलेल्या बाईकडे पाहणारी नजर त्याने बदलत नाही. आपल्या विभागात ती बदलली. आता तो सहकारी मला लेखी निरोप पाठवतो, आणि वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्याने बोलावले तेव्हा ‘आत बसणे जमले नाही तर गच्चीवर खुर्ची ठेवली आहे’ असेही लिहिले होते. हे त्याने आपल्याकडे पाहून केले.

निरोपाच्या दिवशी निघताना आपण मला ‘घरी ये’ म्हणालात, आणि मी विचारण्याआधीच पुढे सांगितलेत: येत्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, घरात आपण दोघीच असू आणि साडेबाराला जेवण होईल. त्याबद्दल, आणि आधीच्या सगळ्याबद्दल, मी आपली मनापासून आभारी आहे.

रविवारी अकरा वाजता येते.

आपली,
खिडकीजवळची मुद्रितशोधक