नेमसर्व्हर बदलायला सांगितलं, पण मेलचं काय होईल ते सांगितलं नाही

दि. २३ जानेवारी, सोलापूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीच्या माहितीमुळे कारखान्याचा मेल अकरा दिवस बंद राहिल्याबाबत

महोदय,

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. बाहेरगावचे व्यापारी नमुने, दर, ऑर्डर सगळं मेलवरच कळवतात. याच महिन्यात मी तुमच्याकडे वेबसाइटसाठी होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा, घेतलं आणि वर्षाचे पैसे एकदम भरले. डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या आणि मेलच्या पत्त्यातलं नाव, जुनं आहे, दुसऱ्या कंपनीकडून घेतलेलं. मेल तिसरीकडे आहे. हे सगळं मी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं.

तुम्ही दोन नेमसर्व्हरची, म्हणजे डोमेनच्या नोंदी जिथून वाचल्या जातात त्या सर्व्हरची, नावं पाठवलीत आणि डोमेन जिथे घेतलं तिथे ती टाकायला सांगितलंत. टाकण्याआधी मी मुद्दाम विचारलं, "यानं मेलला काही होईल का?" उत्तर मिळालं, "काही होत नाही सर, फक्त वेबसाइट इकडे येते."

माझी तक्रार या एका वाक्याबद्दल आहे.

१० तारखेला रात्री नावं बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी वेबसाइट दिसू लागली, घरात सगळे खूश. पुढे गड्ड्याची यात्रा, संक्रांत. मेल येईना, तर सणामुळे असेल असं वाटलं. १६ तारखेला हैदराबादच्या जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला, "मेल परत येतोय, कारखाना बंद केला काय?" वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक असं विचारतं तेव्हा काय वाटतं, ते मला लिहिता येत नाही.

त्याच दिवशी तुमच्याकडे तक्रार नोंदवली. तीन वेळा तेच उत्तर आलं, "४८ तास थांबा." डॉट कॉमच्या मुख्य यादीतली नेमसर्व्हरची नोंद इतर सर्व्हर १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास, जपून ठेवू शकतात, म्हणून बदलानंतर तेवढं थांबायला सांगतात, हे मला आता कळलंय. पण मी विचारलं तेव्हा सहा दिवस उलटले होते. जी नोंद तुमच्याकडे नव्हतीच, ती थांबून कुठून येणार?

२१ तारखेला भाच्याच्या मित्राने पाहिलं. नेमसर्व्हर बदलले की डोमेनच्या सगळ्याच नोंदी नव्या जागेवरून वाचल्या जातात. वेबसाइटची नोंद तुम्ही केली होती, मेल कुठे द्यायचा ते सांगणारी एमएक्स नोंद मात्र नव्हती. ती नसली की पाठवणारा सर्व्हर मेल वेबसाइटच्याच पत्त्यावर नेतो. तिथे आमचा मेलबॉक्स नाही, म्हणून तो परत जातो. त्याने जुन्या कंपनीच्या पॅनलमधून एमएक्स आणि एसपीएफच्या (आमच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते सांगणाऱ्या) नोंदी उतरवून तुमच्या पॅनलमध्ये भरल्या. दहा मिनिटांचं काम. तासाभरात मेल सुरू झाला. तीन उत्तरं देणाऱ्यांपैकी एकानेही ही नोंद उघडून पाहिली नाही.

नेमसर्व्हर न बदलता, जुन्याच ठिकाणी फक्त ए नोंद, म्हणजे वेबसाइट कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंद, बदलूनही काम झालं असतं. तो पर्यायही कोणी सांगितला नाही.

चूक तुमची होती हे लेखी कळवा आणि भरलेली वर्षाची रक्कम परत करा. नेमसर्व्हर बदलण्याच्या सूचनेत 'आधी मेलच्या नोंदी उतरवून घ्या' हे मराठीत, सर्वांत वर लिहा. माझ्यासारखे छोटे कारखानदार ती सूचना शब्दन् शब्द पाळतात.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. फोनच्या तारखा, तुमची तिन्ही उत्तरं आणि परत गेलेल्या मेलच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला ग्राहक,
टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रोड, सोलापूर